तालमीवरला भोंगा आणि चंद्री म्हस

आवाज पोचतोय न्हवं? मंग बसा हितंच, कडब्याच्या पेंढीवर. खुट्टीखाली तेवढं बसू नगा. ती जागा चंद्रीची हाय, आन् चंद्रीला पावणंरावळं कळत न्हाय.

मी भोंगा बोलतोय. कसबा बावड्याच्या तालमीवरला भोंगा. आता तालमीवर न्हाय, बनाक्काच्या गोठ्यात खुट्टीला टांगलोय आन् दिवसा माझ्यात कोंबडी अंडं घालती. पर नाव तेच चाललंय. माणसाचं बी तसंच की, पेन्शनीत गेला तरी फौजदार तो फौजदारच.

लिहाय-वाचायचं इचाराल तर आपण शून्य. आयुष्यभर मागनं जे आलं ते म्होरं सोडलं, आत कायबी ठेवलं न्हाय. माणसांचं बी भाषणाच्या बाबतीत आसंच आसतंय, फकस्त ती कबूल करत न्हाईत.

जल्म मुंबईतला. पत्रा कापला, ठोकला, वाकिवला, आन् एकानं माझ्यात तोंड घालून 'हॅलो' केलं. माझा पयला शब्द. त्याचा अर्थ मला आजूनबी म्हाईत न्हाय. मंग पेंढ्यात गुंडाळून रेल्वेत टाकलं. कोल्लापूरच्या ठेसनात हमालानं पेंढा सोडला आन् म्हणाला, "धोतऱ्याचं फूल दिसतंय. म्हादेवाला वाहायला मागिवलं काय रं?"

ही छप्पन सालच्या आदल्या दिवाळीची गोष्ट. संस्थान जाऊन सा वर्सं झालती, तरी म्हातारी माणसं 'सरकार' म्हणलं की आजून म्हाराजांच्या नावानं हात जोडायची. तर ह्या नव्या सरकारनं काही गावं निवडून एक प्रयोग मांडलाता. गावाला रेडिओची पेटी द्यायची, साल-सा म्हैनं ऐकवायचं, आन् मंग माणूस पाठवून इचारायचं, की बाबांनो, ऐकून काय फरक पडला? औषिद दिऊन ताप बगत्यात, तसलं काम.

पेटी सरकारची. पर पेटीचा आवाज दुखणेकऱ्यागत बारीक. म्हणून तालमीनं सवताच्या खर्चानं मला मागिवलं. पेटी सरकारची आन् भोंगा तालमीचा, येवढं ध्यानात ठेवा. म्होरं कामाला येणार हाय.

पेटीला कुलूप हुतं. आत याकच ठेसन, सांच्याला दीड तास. किल्ली करीम मिस्त्रीकडं. करीम म्हंजे स्टोव्ह, सायकल, कंदील, जे मोडंल ते जोडणारा माणूस. त्याचं दुकान तालमीच्या म्होरंच. रेडिओची ब्याटरी बी त्योच सायकलला बांधून कोल्लापुरातनं भरून आणायचा. मला वर चढिवलं ते बी त्यानंच.

खाली सयाजी वस्ताद उभा. तालमीचा कर्ता माणूस. साठीला आलाता, पर छाती आशी की सदऱ्याची वरली गुंडी कंदी लागली न्हाय. करीमनं माझं तोंड अंगणाकडं केलं, तसा वस्ताद वराडला.

"आरं, तोंड मारुतीकडं करू नको. देव ब्रह्मचारी हाय. बायकांची गाणी लागणार. त्येच्या कानावर घालतोस व्हय?"

करीम शिडीवरनं म्हणाला, "वस्ताद, अंगणात पोरं बसणार. त्यांच्या कानाचं काय?"

"त्यांच्या कानाचं मी बघतो. तू तोंड फिरव."

झालं. मारुती पडला उगवतीला, म्हणून माझं तोंड मावळतीला. आन् मावळतीला काय, तर तालमीची भिंत, आन् भिंतीपल्याड बनाक्काचा गोठा. समदा गाव माझ्या पाठीमागं बसून ऐकायचा आन् माझ्या तोंडाम्होरं एक म्हस. लगीन लागताना भटजीनं नवरा-नवरी सोडून भिंतीकडं तोंड करून मंत्र म्हणावं, तसली गत.

पाठीकडनं बी ऐकू जायचंच म्हणा. लई मज्जा हुती त्या सांजंची. आखाड्याच्या तांबड्या मातीचा, तेला-ताकाचा वास. अंगणात घोंगडी पडायची. ज्ञानू तंबाखू मळत यायचा. अप्पा यायचा, त्येला गाण्यापेक्षा गाण्यावर बोलायला आवडायचं. म्हातारा आण्णा कांबळं घिऊन यायचा आन् पयल्या गाण्यालाच झोपायचा. करीमनं किल्ली फिरिवली की माझ्या नरड्यात आदी खरखर व्हायची. तेवढ्या खरखरीला बी माणसं गप बसायची. आता कुणी कुणासाठी आसं गप बसतंय का, तुमीच सांगा.

पर मी ल्हानपणापास्नं खोडकर. पेटीच्या मागं एक तार सैल हुती. ती हालली की मी 'कुईंऽऽ' करायचो. कीर्तन रंगात आलं की कुईं. मंत्र्याचं भाषण आलं की कुईं. वस्ताद म्हणायचा, वारा सुटलाय. करीमला म्हाईत हुतं, पर त्यानं ती तार कंदी आवळली न्हाय.

सात वाजता बातम्या. बातम्या सरल्या की हवामान. एक बाप्या लई सावकाश, एका सुरात सांगायचा, हितं येवढं, तितं तेवढं, आन् शेवटाला ठरल्यालं वाक्य, "येत्या चोवीस तासांत हवामान कोरडे राहील." हवामान लागलं की अंगण रिकामं. कोण पानाला, कोण आडोशाला. आण्णा तेवढा जागेवर, ते बी झोपेत.

ऐकायला उरायची ती भिंतीपल्याडची दोघं.

बनाक्का म्हंजे बनाबाई. मालक जाऊन धा वर्सं झालती. लेकरूबाळ न्हाय. एक खोली, एक गोठा आन् एक म्हस, चंद्री. चंद्रीच्या कपाळावर पांढरा चांद. आजूबाजूच्या पाच-सा घरांला दूध घालून बनाक्काचं चालायचं. त्या पौषात चंद्री व्याली आन् आठ दिसांतच रेडकू गेलं. म्हशीचं रेडकू गेलं की ती पान्हा चोरती, हे तुमाला ठावं आसंल. माणसं काय करत्यात, मेल्याल्या रेडकाच्या कातड्यात पेंढा भरून आईम्होरं उभं करत्यात. ती त्येलाच चाटती आन् दूध सोडती. बनाक्काला लोकांनी तेच सांगितलं. ती म्हणाली, "तिला फसवून दूध काढू? मला घास गिळंल का?"

चार दिस चंद्री आटून उभी. दलाल यिऊन बगून गेला. म्हशीच्या बाजारात आटल्याली म्हस कुणाकडं जाती, ते त्यानं सांगितलं न्हाय आन् बनाक्कानं इचारलं न्हाय.

पाचव्या सांजंला ती चरवी घिऊन उगंच बसल्याली, चंद्रीच्या कुशीला कपाळ टेकून. मी माझ्या नादात बोलत हुतो. बातम्या झाल्या, चंद्री ढिम्म. हवामान लागलं. चंद्रीनं कान टवकारलं. त्यो सावकाश बाप्या सांगत गेला, सांगत गेला, आन् "हवामान कोरडे राहील" म्हणला न म्हणला, तोवर चरवीत चुळ्ळकन् धार वाजली.

कोरडं म्हणला आन् वलं झालं. मला येवढं हासू आलं की मी कुईं केलं.

दुसऱ्या दिशी बी तेच. तिसऱ्या दिशी बी तेच. गाण्याला न्हाय, कीर्तनाला न्हाय, फकस्त हवामानाला. बाकीचं गवळी कोल्लापुरात गंगावेशीच्या चौकात म्हशी नेऊन गिऱ्हाइकाच्या पेल्यात धार काढायचं. बनाक्काला म्हस दारातनं हालवता यायची न्हाय. सात वाजता माझ्या तोंडाम्होरंच पायजे.

ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली न्हाय. त्येला कारण करीमची चेष्टा. एकदा त्यो दुधाला आल्ता तवा हासत म्हणालाता, "बनाक्का, रेडिओला लायसन लागतंय बरं का. बिनलायसनीचं ऐकलं की दंड." ती काळजातनं हादारली. तालमीचा रेडिओ आपली म्हस फुकट ऐकती, हे सरकारला कळलं तर? तवापास्नं हवामान लागलं की ती आदी भिंतीवरनं बघायची, मंगच धारंला बसायची.

आसं चैत्रापतूर चाललं. मंग आली पद्मजाबाई.

मुंबईची बाई. सुती पातळ, डोळ्याला चष्मा, खांद्याला पिशवी, पिशवीत छापील कागदाचा गठ्ठा. वयानं पंचविशीची आसंल. तिचं कामच हे हुतं, रेडिओवर काय लागतंय आन् ऐकून माणसात काय बदल हुतोय, ते इचारायचं आन् लिहून न्यायचं. पोरगी गुणाची हुती. उन्हात हिंडायची, पाणी मागून प्यायची, आन् समोरचा बोलायला लागला की मदी बोलायची न्हाय.

ती यायच्या आदल्या दिशी वस्तादनं अंगणात समद्यांला बशिवलं. म्हणाला, फरक पडला न्हाय आसं दिसलं तर पेटी नेतील. गावाच्या आब्रूचा सवाल हाय. आन् मंग कुस्त्या नेमाव्या तसं त्यानं खोटं वाटून दिलं. तू हे सांग, तू ते सांग, आन् आण्णाला कुणीतरी जागं करा रं.

दुसऱ्या दिशी माझी खरी करमणूक झाली.

बाईनं ज्ञानूला इचारलं, रेडिओ यायच्या आदी सांच्याला काय करत हुता? ज्ञानू म्हणाला, "बसत हुतो." आन् आता? "आता बी बसतोय." वस्ताद खाकरला. ज्ञानूला याद आली, तसं म्हणाला, "पर तंबाखू सोडली." गालफडात तंबाखूचा बार हुता. थुकता यीना, गिळता यीना. मी कुईं केलं.

अप्पानं सांगितलं, रेडिओ ऐकून त्यानं शेतात खताचा खड्डा खणला. तीन हात खोल. बाई म्हणाली, बघायला येऊ का? अप्पाला खड्डा तर न्हायच, शेत बी न्हाय. त्यो म्हणाला, भरून टाकला. कुईं.

आण्णा म्हणाला, म्हातारपणी लिहायला शिकलो. बाईनं खूश हुन त्येच्या म्होरं पेन्सील धरली. आण्णानं हाताकडं बघितलं आन् म्हणाला, कालपास्नं लचाकलाय. वस्तादनं सवता तर गावात भांडान न्हाय, चोरी न्हाय, रोगराई न्हाय, समदं रेडिओची कृपा, आसं उभ्यानंच सांगून टाकलं. कुईं, कुईं, कुईं. बाईनं वर बगून इचारलं, ह्याला काय होतंय सारखं? करीम खाली बगत म्हणाला, "सवय हाय त्येची, बाई. मदीच बोलायची."

आमच्याकडच्या माणसांला पावण्याचं ताट रिकामं बघवत न्हाय. पोळी संपायच्या आदी दुसरी वाढत्यात. बाईचा कागद म्हंजे त्यांला ताटच वाटलं. ती जे इचारंल ते वाढत गेली.

तिसऱ्या दिशी सांजंला बाईनं बरुबर इचारलं, भोंग्याचं तोंड तिकडं का हो? वस्तादनं मारुतीचं सांगितलं. ती हासली न्हाय. लिहून घेटलं, आन् भिंतीपाशी जाऊन पल्याड डोकावली. हवामान लागायलाच आल्तं. बनाक्का चरवी घिऊन बसल्याली.

"बाई, तुम्ही ऐकता का हो रेडिओ?"

बनाक्काच्या डोळ्याम्होरं लायसन हुबं राह्यलं. तिनं पदर वडला, दोन्ही कानांवर हात ठिवलं आन् मान हालवली. बहिरी हाय म्हणून. बाईनं "बरं बरं" आसं मोठ्यानं म्हणून हात जोडलं आन् कागदावर कायतरी खरडलं. मला कुईं करायचं बी सुचलं न्हाय. आयुष्यात पयल्यांदा माझ्या तोंडाम्होरं एक माणूस सापडलंतं, आन् त्यानंच मला ऐकलं न्हाय म्हणून सांगितलं.

म्हैन्या-दीड म्हैन्यानं पत्र आलं. पोस्टमननंच अंगणात उभा ऱ्हाऊन वाचून दावलं. "आपल्या गावी रेडिओचा अपेक्षित परिणाम पूर्णपणे झाल्याचे दिसून आले. याबद्दल गावकऱ्यांचे अभिनंदन. सबब सदर संच येत्या शुक्रवारी काढून एखाद्या मागासलेल्या गावी बसवण्यात येईल."

अभिनंदनावर आण्णानं टाळ्या वाजिवल्या. बाकीच्यांला त्या सबबचा अर्थ कळला. मंग ज्ञानू हळूच म्हणाला, "वस्ताद, आपण जरा जास्तच सुधारलो."

भिंतीपल्याड चरवी खाली पडल्याला आवाज झाला. तो मीच फकस्त ऐकला.

गुरवारी पद्मजाबाई जीप घिऊन आली, संगं दोन माणसं. राहिल्यालं कागद बी न्यायचं हुतं. सांज हुयाला आल्ती. बाई अंगणात खुडचीवर, गडी घोंगड्यावर, समद्यांची तोंडं सुतकात बसल्यागत. तवा तालमीच्या दाराशी बनाक्का आली. बाईमाणूस तालमीत येत न्हाय. ती उंबऱ्याच्या भाईरच थांबली, पर बोलली ती मला बी लाजवंल आशा आवाजात.

"बाई, मी बहिरी न्हाय."

पद्मजाबाई उठूनच उभी राह्यली.

"मी खोटं बोलली. माझी म्हस रोज तुमचा रेडिओ ऐकती. लायसन न्हाय, काय दंड आसंल त्यो करा. पर पेटी नेली तर ती दूध द्यायची न्हाय, आन् दूध न्हाय दिलं तर ती बाजारात जाणार. मला दुसरं कोण न्हाय."

अंगणात कुणीतरी फिस्सकन् हासलं. वस्तादनं वळून बघितलं तसं हासू जिथल्या तिथं मेलं. बाई उंबऱ्याभाईर गेली, बनाक्काच्या मागनं गोठ्यात. समदी तालीम भिंतीवर वळंबली. करीमनं सात वाजता किल्ली फिरिवली. गाणं म्हणायची येळ आसती तर कुईं करून येळ मारली आसती. हे हवामान. चूक करून चालायचं न्हाय.

बातम्या झाल्या. चंद्री ढिम्म. हवामान लागलं. तिनं कान टवकारलं. "येत्या चोवीस तासांत हवामान कोरडे राहील." चुळ्ळकन् धार वाजली.

पद्मजाबाईनं चरवीत वाकून बघितलं. मंग पिशवीतनं एक कोरा कागद काढला.

"नाव?"

"चंद्री."

"वय?"

"चवथं वेत. चारदा व्याली."

बाईनं पेन्सील थांबिवली. म्होरं शिक्षणाचा रकाना हुता.

बनाक्का म्हणाली, "माझ्याइतकंच लिवा."

तवा बाई हासली. आन् ती हासल्यावर भिंतीवरलं एकेक खरं पाझराय लागलं. ज्ञानूनं गालातली तंबाखू पचकन् भाईर टाकली आन् म्हणाला, "बाई, माझं बी खोडा." अप्पानं खड्डा मागं घेटला, आण्णानं लचक मागं घेटली. वस्ताद शेवटी म्हणाला, "भांडणं हाईत, बाई. रोज हाईत. आन् रेडिओ लागला की तेवढा दीड तास नसत्यात. हे खरं हुतं, तेच सांगायचं राह्यलं."

बाईनं समदं लिहून घेटलं. पर हुकूम वरनं आल्ता, सही झाली हुती, दुसऱ्या गावात जागा बी ठरलीती. ती म्हणाली, मी खरं तेच छापीन, पर पेटी माझ्या हातात न्हाय. तिच्या चष्म्याच्या काचा धुरकटल्यात्या. गोठ्यात शेणकुटांचा धूर हुता म्हणा.

शुक्रवारी पेटी गेली. मी राह्यलो. तालमीचा ना मी! तारा तोडल्याला, मुका, मावळतीला तोंड करून. सात वाजता अंगण तसंच भरलं, सवयीनं. मंग ज्ञानू आन् अप्पा भांडले.

चंद्रीनं त्या दिशी दूध दिलं न्हाय. दुसऱ्या दिशी बनाक्कानं सवताच, घाबरत, हळूच तिच्या कानात म्हणून बघितलं, हवामान कोरडं ऱ्हाईल गं. चंद्रीनं शेपटी मारली. तिसऱ्या दिशी दलाल आला आन् दुपारीच खुट्टीपाशी उकिडवा बसला. घाई न्हाय म्हणाला. त्येची घाई नसणं बघूनच मला कळलं, सौदा झाल्यात जमा हाय.

आन् पाच वाजता करीमनं तालमीला शिडी लावली. मला वाटलं, आपला बी हिशोब झाला, भंगारात चाललो. त्यानं मला उतरिवलं. माझ्या मागल्या बाजूचं यंत्र पान्यानं खोललं, काढून हातात घेटलं. राह्यलो मी मोकळा पत्रा, अल्याड ल्हान तोंड, पल्याड मोठं. काखेत मारलं आन् तडक गोठ्यात.

"बनाक्का, म्हस माणसाचा आवाज वळखत न्हाय, ह्याचा वळखती. हितनं बोल."

"मला कुटं येतंय रेडिओवानी?"

"रोज ऐकलंस की. ते लायसनीचं मी चेष्टेनं म्हणालतो. त्येची भरपाई समज. बोल."

बनाक्कानं माझं ल्हान तोंड आपल्या तोंडाला लावलं. आन् ती बोलली. काय बोलली म्हंता! न्हाय-हाय करणारी आमची बनाक्का, त्या बाप्यागत सावकाश, एका सुरात, एकेक आक्षार धुतल्यागत. आदी बातम्यांतलं चार शब्द, मंग कोल्हापूर, सातारा, सांगली, समदं वळीनं, कुटं थांबायचं तितं थांबत. हवामान सांगणाऱ्याचा खोकला बी तिला पाठ हुता, ती त्या जागंवर खोकली.

"येत्या चोवीस तासांत," ती म्हणाली, आन् चंद्रीनं मान वळिवली, "हवामान कोरडे राहील."

चुळ्ळकन्.

करीम माझं यंत्र कोपऱ्यात ठेवायला वळला त्यो बराच येळ वळलेलाच राह्यला. दलालानं चप्पल घातली आन् गेला. भिंतीवरनं वस्ताद, ज्ञानू, अप्पा बघत हुतं. वस्ताद म्हणाला, "मारुतीला सांगायला पायजे, बायकांचा आवाज चालतो म्हणून."

तवापास्नं मी तालमीवर चढलो न्हाय. रोज सात वाजता बनाक्का माझ्यातनं हवामान सांगायची आन् भिंतीपल्याड घोंगडी टाकून माणसं ऐकायला बसायची. आदी ज्या हवामानाला उठून जायची, त्येच्यासाठीच आता यायची. भर आषाढात, पागोळ्यांनी गोठा गळत आसताना, बनाक्का ठासून सांगायची, हवामान कोरडे राहील. सुधारल्याल्या गावात येवढं एक खोटं शिल्लक राह्यलं, आन् ते समद्यांला पाठ हुतं.

दोन वर्सांनी टपालानं एक पुस्तक आलं, पद्मजाबाईचं. वस्तादनं आदी आपला फोटू हाय का बघितलं. न्हवता. करीमनं अडखळत वाचलं. आमच्या गावाच्या पानावर एक तक्ता हुता, कुणाकुणाला इचारलं त्येचा. पुरुष एकेचाळीस. स्त्रिया एक. आन् त्येच्या खाली, इतर एक.

ते 'इतर' बनाक्कानं करीमला बोटानं दावायला लावलं. कुटं हाय, कसं दिसतंय. मंग ते पान चंद्रीच्या नाकाम्होरं धरलं. चंद्रीनं चाटलं. आजून त्या तक्त्यावर डाग हाय.

आता एकुणसाठ साल सरत आलंय. चंद्री गेल्या वर्सी परत व्याली. ह्या खेपंला रेडी झाली आन् जगली, ती काय, तुमच्या पाठीमागं उभी हाय, तुमचं धोतार चगाळतीया. तवा चंद्रीला आता माझी गरज न्हाय. रेडी ढुसणी देती, पान्हा येतो, काम झालं. मला भंगारात घालायला कुणाची आडकाठी न्हाय.

तरी सात वाजलं की बनाक्का कोंबडीला हुसकावती, अंडं काढून घेती, पदरानं माझं तोंड पुसती. आन् बोलती. म्हशीसाठी न्हाय. मी इतकी वर्सं समजत हुतो, भिंतीपल्याड मला ऐकणारी ती म्हस. खुळा मी. धा वर्सं ज्या घरात माणसाचा आवाज न्हवता, तितं रोज सांजंला कोणतरी यिऊन सांगत हुतं, उद्या बी दिस उगवणार हाय, आन् त्यो कसा आसंल. चंद्री फकस्त दूध द्यायची. ऐकत हुती बनाक्का.

करीम परवा पेपरातनं सांगत हुता, दिल्लीला म्हणं आता बोलणाऱ्याचं तोंड बी दिसतंय, पेटीतच. आपल्याकडं यायला लई वर्सं जातील. पर येईल. आन् ते बघून माणसं सुधारली का बिघडली, ते इचारायला बी कोण ना कोण गठ्ठा घिऊन येईल. त्येला माझा निरोप द्या. म्हणावं, जी म्होरं बसल्याती त्यांचं ऐका, ताटात काय वाढतील ते घ्या, पर उठताना भिंतीपल्याड एकदा डोकवा. आन् तितं कोण कानांवर हात ठिवून बसलं आसंल, तर घाईनं लिहू नगा. जरा थांबा.

तुमी बी थांबा की जरा. सात वाजत आलं. ती बघा, आली बनाक्का कोंबडीला हुसकावत. सरकत सरकत चंद्रीच्या जागंवर आलाय, तितनं तेवढं उठा आन् गप बसा. तिला मदी कोण बोलल्यालं चालत न्हाय, आन् मी आता कुईं करायचं सोडलंय.

खोटं वाटतंय? वाटू द्या. येत्या चोवीस तासांत कळंल.